न उघडलेल्या खोक्यातली मोटार

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका जुन्या प्राध्यापक स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. निवृत्तीनंतर त्यांनी छोट्या मोटारी जमवायला सुरुवात केली आहे हे ऐकून होतो, पण प्रत्यक्षात जे दिसले त्याची कल्पना नव्हती. दिवाणखान्याच्या एका भिंतीला छतापर्यंत पोचणारे काचेचे कपाट, आणि त्यात आठशेच्या वर मोटारी. त्यातली एकूण एक मोटार कारखान्यातून निघाली तशीच, पुठ्ठ्यावर, पारदर्शक प्लास्टिकच्या फुग्यात बंद. सरांचा सात वर्षांचा नातू कपाटापासून हातभर अंतर राखून उभा होता. त्याला तसे उभे राहायला शिकवलेले असावे. मी एक पाकीट उचलले तसे सर लगबगीने म्हणाले, "कोपरा सांभाळा. कोपरा दुमडला की किंमत निम्मी होते." नंतर चहा घेताना त्यांनी वाल्टर बेंजामिनचे नाव काढले, आणि संग्राहक हाच वस्तूला बाजाराच्या तावडीतून सोडवतो, असे मला समजावून सांगितले.

त्या दिवशी मी चहा पिऊन निघून आलो. यजमानांशी त्यांच्याच घरात वाद घालण्याची आपल्याकडे रीत नाही. पण वाद घालायला हवा, आणि तो इथेच घालायला हवा, कारण प्रश्न केवळ छोट्या मोटारींचा नाही.

प्रथम बेंजामिन. ग्रंथसंग्रहाविषयीचा त्याचा १९३१ चा निबंध आपल्याकडे एम.ए.च्या वर्गात हमखास सांगितला जातो आणि क्वचितच नीट वाचला जातो. त्या निबंधाचा प्रसंगच मुळी खोकी उघडण्याचा आहे. दोन वर्षे बंद राहिलेल्या पेट्या फोडल्या आहेत, लाकडाचा भुसा हवेत उडतो आहे, जमिनीवर कागद विखुरलेले आहेत, आणि त्या पसाऱ्यात बसून हा माणूस बोलतो आहे. न वाचलेल्या पुस्तकांचा जो किस्सा त्यात येतो, त्याच्या आधाराने आपल्यातले अनेकजण आपापल्या कपाटांचे समर्थन करतात. तोही चालेल. पण न वाचलेले पुस्तक निदान हाताळता येते, चाळता येते, मध्येच एखाद्या पानावर थबकता येते. ज्या पुस्तकाचे वेष्टण फाडल्यास त्याची किंमत निम्मी होते, ते पुस्तक बेंजामिनच्या खोलीत नव्हते. सर, तुमच्या कपाटाला बाजाराच्या तावडीतून सुटका म्हणायचे असेल, तर बँकेतल्या लॉकरलाही म्हणावे लागेल.

मराठीत हौस, नाद, छंद आणि व्यसन अशी एक उतरंड आहे. त्यातला 'छंद' हा शब्द साहित्याच्या विद्यार्थ्याला दोनदा भेटतो. एकदा काव्यशास्त्राच्या पुस्तकात आणि एकदा शाळेच्या निबंधात. या दोन अर्थांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे आपण धरून चालतो. मला तसे वाटत नाही. वृत्तात लिहिणारा स्वतःहून एक माप पत्करतो आणि त्या मापात बसेल असाच शब्द शोधत राहतो. प्रमाणबद्ध मोटार बांधणाराही तेच करतो. १:२४ हे माप एकदा घेतले की खऱ्या गाडीतला प्रत्येक मिलिमीटर त्याला जाब विचारतो. हे माप पत्करणे जिथे नाही तिथे हौस असेल, नाद असेल, गुंतवणूक असेल, छंद नाही.

आणि गंमत अशी की सरांच्या कपाटातल्या मोटारींना माप नाहीच. त्या साधारण १:६४ च्या आहेत असे म्हटले जाते, पण 'साधारण' या शब्दावर तिथे फार भार आहे. प्रत्येक गाडी एकाच आकाराच्या पाकिटात बसली पाहिजे, म्हणून लहान मोटार आणि लांबलचक ट्रक दोघेही जवळपास एका बोटाच्या लांबीचे. म्हणजे या सृष्टीचे प्रमाण गाडीने ठरवलेले नाही. ते पाकिटाने ठरवले आहे. ज्या संग्रहाचा मापदंडच खोके आहे, त्याच्या मालकाने खोके उघडू नये हे एका अर्थी तर्काला धरूनच झाले!

याची जुनी परंपरा मात्र वेगळी होती. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३३ मध्ये हॉर्नबी आगगाड्यांच्या जोडीला म्हणून काही छोटी वाहने काढली. १९३४ पासून ती 'डिंकी टॉइज' या नावाने विकली जाऊ लागली. इंग्लंडमधल्या 'ओ' मापाच्या आगगाडीत एक फूट म्हणजे सात मिलिमीटर. या हिशेबाने प्रमाण येते १:४३.५. आजही जगभर १:४३ हे माप मोटारींच्या संग्रहात रूढ आहे ते त्या आगगाडीमुळे. स्टेशनाबाहेर उभी करायची मोटार स्टेशनाच्या मापाचीच हवी, एवढा साधा विचार त्यामागे होता.

मॅचबॉक्सची कथा तर याहून लोभस आहे. लंडनच्या लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ यांनी १९४७ मध्ये 'लेस्नी' ही ओतकामाची कंपनी काढली. जॅक ओडेल हा कारागीर त्यांना येऊन मिळाला. त्याच्या मुलीच्या शाळेचा नियम असा की काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे शाळेत आणायचे. बापाने १९५२ च्या सुमारास पितळेचा एक इवलासा रोडरोलर करून दिला. तो वर्गातल्या सगळ्यांना हवासा झाला, आणि १९५३ पासून ती प्रसिद्ध मालिका सुरू झाली. इथेही खोके आहेच, पण त्याचे काम कोणते? गाडी मुलीच्या दप्तरातून वर्गापर्यंत पोचवणे. तिथे ते उघडले जाणार हे गृहीत धरलेले होते. एका मुलीच्या मधल्या सुट्टीसाठी जन्मलेली वस्तू आज एका मुलाला हातभर लांब उभी करते, या उलटापालटीचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा.

त्या इतिहासातले एक प्रकरण १९९५ चे असेल. १९६८ मध्ये सोळा गाड्यांनिशी सुरू झालेल्या 'हॉट व्हील्स'ने त्या वर्षी 'ट्रेझर हंट' नावाची उपमालिका काढली. काही गाड्या मुद्दाम थोड्या काढायच्या आणि नेहमीच्या गाड्यांत मिसळून दुकानात पाठवायच्या. दुर्मीळता ही काळाची करणी असते. युद्धे होतात, कारखाने बंद पडतात, मुले गाड्या विहिरीत टाकतात, आणि मग उरलेल्या चार गाड्या दुर्मीळ होतात. इथे दुर्मीळता कारखान्यातूनच रंगवून येऊ लागली. परिणाम आपल्या शहरांतही दिसतो. खेळण्यांच्या दुकानात नवा माल आला की सकाळीच प्रौढ माणसे येऊन खुंट्या चाळून जातात, आणि दोनशे रुपयांच्या आतली गाडी संध्याकाळी अनेक पटींनी विकायला निघते. मुलांसाठी उरते ते या शिकाऱ्यांनी नाकारलेले. याला छंद म्हणणे म्हणजे रेशनच्या साखरेचा साठा करणाऱ्याला पाककलेचा उपासक म्हणण्यासारखे आहे.

संग्राहकांवर मी सरसकट घसरतो आहे असे कुणाला वाटेल. तसे नाही. कोणत्या साच्यातून कोणत्या वर्षी कोणत्या रंगाची गाडी निघाली, हे आज आपल्याला ठाऊक आहे ते चिकाटीच्या संग्राहकांमुळे. कोलकात्यात डिंकीचेच जुने साचे आणून 'निकी टॉइज' या नावाने गाड्या ओतल्या गेल्या, ही आपल्या औद्योगिक इतिहासातली नोंद कोणत्याही विद्यापीठाने केली नसती. ती गाड्या उलट्या करून त्यांच्या तळावरची अक्षरे वाचणाऱ्यांनी केली. पण पाहा, त्यासाठी गाडी उलटी करावी लागते.

जे कपाट शाश्वतीसाठी बांधले आहे त्याला शाश्वती मिळतच नाही, हाही मुद्दा आहेच. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांवरून तिला 'झामाक' म्हणतात. ओतताना त्यात शिसे किंचित जरी मिसळले, तर धातूला आतून कीड लागते. ती कणाकणांच्या सांध्यांतून पसरते, गाडी फुगते, तिला भेगा पडतात, आणि शेवटी बोटांत भुगा उरतो. महायुद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी गाड्या अशा गेल्या. मुलांनी आपटलेल्या गेल्या तशाच पेटीत जपलेल्याही गेल्या. या किडीला पेटीची अडचण नव्हती. आजचा धातू अधिक शुद्ध असतो हे खरे. पण जे जपायचे ते नेमके काय, हा प्रश्न त्या भुग्यापाशी बसून विचारण्यासारखा आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. तो अधिक तरुण आहे आणि अधिक आत्मविश्वासाने बोलतो. एका चर्चासत्रात एका अभ्यासक मित्राने हा सगळा प्रकारच निकालात काढला. त्याच्या मते प्रमाणबद्ध मोटारी म्हणजे मध्यमवर्गीय पुरुषाने आपल्या न घेता आलेल्या मोटारीसाठी मांडलेले श्राद्ध. भांडवलशाहीने विकलेले बालपण. त्याने बोद्रियाचा १९६८ चा ग्रंथ सांगितला, ज्यात संग्राहक अखेर स्वतःलाच जमवत असतो अशा अर्थाचे विवेचन आहे. बार्थचा खेळण्यांवरचा लेखही सांगितला. श्रोत्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण यातले बरेचसे सरांच्या कपाटाला चपखल लागू पडते.

अडचण एवढीच की बोलणाऱ्याने एकही मोटार हातात धरलेली नव्हती. हे त्याने कबूल केले आणि त्याचे त्याला काही वाटले नाही. आपल्या समीक्षेत ही एक सवयच झाली आहे. वस्तू दिसली की ती कशाची तरी खूण आहे असे ठरवायचे, आणि खुणेचा अर्थ लावून झाला की वस्तू टाकून द्यायची. सर वस्तूला किंमत म्हणून पाहतात, हा मित्र चिन्ह म्हणून पाहतो. पाकीट दोघांनीही उघडलेले नाही.

बार्थचे म्हणणे काय आहे? १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मधल्या त्या लेखात तो म्हणतो की आजची खेळणी मुलाला घडवणारा करत नाहीत, वापरणारा करतात. मोठ्यांचे जग लहान करून मुलाच्या हाती देतात आणि आता हे स्वीकार, असे सांगतात. लाकडी ठोकळे त्याला आवडतात, प्लास्टिक आवडत नाही. आपल्या भातुकलीकडे पाहिले तर त्याचे बोलणे पटते. पण मग सुट्या भागांच्या किटचे काय करायचे? ते प्लास्टिकचेच असते, त्याचा आराखडा ठरलेला असतो, आणि तरीही ते बांधल्याशिवाय अस्तित्वात येत नाही. अमेरिकेत मोटार कंपन्या विक्रेत्यांना १:२५ मापाची प्लास्टिकची मॉडेल देत असत, ती निव्वळ जाहिरात होती. एएमटी कंपनीने १९५८ मध्ये त्याच घराण्यातली किट बाजारात आणली. एकाच खोक्यातून तीन प्रकारे गाडी बांधता येई. कारखान्यातून निघते तशी, आपल्या मनासारखी बदललेली, किंवा शर्यतीची. पोरांनी चौथा प्रकार शोधला. दोन खोकी एकत्र करून, छत कापून, तिसऱ्याच गाडीचे इंजिन बसवून त्यांनी जाहिरातीचे जे केले, ते जाहिरात देणाऱ्याच्या मनातही नव्हते. मोठ्यांचे जग स्वीकारणाऱ्यांचे हे लक्षण नव्हे.

लेव्ही-स्ट्रॉसने १९६२ मध्ये लघुप्रतिमेविषयी लिहिले ते मला अधिक उपयोगी वाटते. वस्तू लहान झाली की भागांआधी पूर्ण दिसते, असे तो म्हणतो. आणि अशी प्रतिमा हाताने केलेली असल्यामुळे ती नुसती प्रतिकृती राहत नाही, मूळ वस्तूवरचा एक प्रयोग होते. हे विधान वाचून मला पटले होते. कळले मात्र रंग लावताना.

खऱ्या मोटारीवरचा रंगाचा थर सुमारे दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. तेवढाच थर १:२४ च्या मॉडेलवर बसला, तर मूळ मापात तो २.४ मिलिमीटर होतो. गाडीला जणू गिलावा केला आहे. दार आणि पत्रा यांच्यामधली चार मिलिमीटरची फट मॉडेलवर ०.१७ मिलिमीटर हवी. ती कोरून, रंगाने बुजू न देता, शेवटी पातळ काळ्या रंगाने भरावी लागते, कारण एवढ्या अरुंद फटीत सावली आपणहून पडत नाही. धातूच्या चमकीचे कण लहान होत नाहीत. प्रकाश लहान होत नाही. गाडीचा मूळ रंग जसाच्या तसा लावला तर मॉडेल गडद दिसते, म्हणून अनेकजण तो किंचित फिका करतात. म्हणजे प्रत्येक पायरीवर मापाशी प्रामाणिक राहावे की दिसण्याशी, हा निर्णय घ्यावा लागतो. ज्यांनी कधी अनुवाद केला आहे त्यांना हा पेच ओळखीचा वाटेल. शब्दाला शब्द ठेवला तर वाक्य मरते, आणि सोडला तर लेखक.

जपानच्या शिझुओकातल्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ चे १:१२ मापाचे किट काढले. त्यासाठी शुनसाकू तामिया यांनी एक पोर्शे ९११ विकत घेऊन ती पूर्ण सुटी करून पाहिली. २०२५ मध्ये ते वारले तेव्हा मला प्रथम ही सुटी केलेली गाडीच आठवली. मजकुराचे इतके निकट वाचन आपल्या विभागांत किती जण करतात? (माझ्यासह विचारतो आहे. माझ्या माळ्यावर न उघडलेली एकोणीस किट आहेत. सरांच्या आठशेंपुढे ती काहीच नाहीत, हे समाधान फार वेळ टिकत नाही.)

खेळण्यातल्या गाडीचे काय होऊ शकते हे आपल्या वाङ्मयाला कधीचेच ठाऊक आहे. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' हे नावच मुळी मातीच्या गाडीचे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीच्या गाडीवर रुसतो, त्याला शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी हवी असते. त्याच्यासाठी सोन्याची गाडी करावी म्हणून वसंतसेना आपले अलंकार त्या मातीच्या गाडीत भरते. देवलांच्या नाटकामुळे हा प्रसंग मराठी रसिकांना पाठ आहे, आणि आपण तो वात्सल्याचा प्रसंग म्हणूनच शिकवतो. पण पुढे न्यायसभेत मैत्रेयाजवळून गळून पडतात ते हेच अलंकार, आणि चारुदत्त वधस्तंभापर्यंत जातो तो त्यांच्यामुळे. गाडीत सोने भरले आणि गाडी खेळण्याच्या कामातून गेली. त्यानंतर रोहसेन त्या गाडीशी खेळल्याचे कुठे दिसत नाही.

आता माझ्या गाडीविषयी. माझे मामा मुंबईत तीस वर्षे टॅक्सी चालवत. टॅक्सी अर्थात प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून निघालेली ही गाडी १९७४ मध्ये पद्मिनी झाली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून कायद्यानेच गेली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत पुष्कळ गहिवर छापून आला. मी किट शोधायला निघालो. फेरारीची डझनावारी मिळतात; मामांच्या गाडीचे मिळेना. मग ती मुळापासून बांधायचे ठरवले.

चौदा महिने लागले. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर खऱ्या गाडीत २३४० मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर ९७.५. लाकडाचा ठोकळा कोरला, त्यावर तापवलेला प्लास्टिकचा पत्रा ओढला. तीनदा बिघडला, चौथ्यांदा जमला. दिव्यांच्या कडा, मागचे छोटे पंख, काळ्यावर पिवळे छत. या गाडीवर मी लहानपणी शेकडो वेळा बसलो होतो. पण मीटर बसवायची वेळ आली तेव्हा लक्षात आले की जुना यांत्रिक मीटर गाडीच्या बाहेर होता, आणि तोही डाव्या बाजूला. चालक उजवीकडे. मीटर टाकायचा तर मामांना प्रत्येक गिऱ्हाइकामागे आडवे होऊन डाव्या खिडकीतून हात बाहेर काढावा लागे. पुढचे आसन सलग बाकासारखे होते आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला होता, म्हणून तेवढे सरकता येई. मी ते आसन ०.५ मिलिमीटरच्या पत्र्यातून कापत होतो तेव्हा मला मामांचा डावा खांदा आठवला. तो उतारवयात वर उचलत नसे. मामी त्यावर एरंडेल चोळायची आणि आम्ही त्याला वात म्हणायचो. टॅक्सीचालकांच्या जीवनावर मी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाला मार्गदर्शन केले आहे. त्या प्रबंधात हा खांदा नव्हता.

सरांना मी मॉडेलचे छायाचित्र पाठवले. त्यांनी मनापासून कौतुक केले आणि एकच प्रत असेल तर अजिबात देऊ नका, असा सल्ला दिला. चर्चासत्रातल्या मित्राने, हे स्मरणरंजन नव्हे तर काय, असे विचारले. असेल. स्मरणरंजनात खांदा दुखत नाही असे मला वाटत होते, पण तो शब्द त्याला फार प्रिय आहे, त्याने तो ठेवावा.

मामा आता जुन्नरकडे गावी असतात. मी गाडी घेऊन गेलो तेव्हा ते बाजेवर बसले होते. त्यांनी ती आधी उलटी केली, तळ पाहिला, मग बाजेच्या पट्टीवरून हाताने दोनदा पुढेमागे चालवली. त्यात डावीकडचा वायपर तुटून कुठेतरी बाजेखाली गेला. "मीटर एवढा सरळ नसायचा रे," मामा म्हणाले. "रोज हात पडायचा ना. पुढं कललेला असायचा." चिमटा मी सोबत नेला होता. तिथेच बसून मीटर थोडा पुढे वाकवला. त्यांनी गाडी डोळ्यांजवळ धरली, आणखी थोडा म्हणाले, आणि मी आणखी थोडा वाकवला.